चालायच्या आदल्या दिवशी: तोरणमाळला निघालेल्या मायलेकींसाठी

दिवाळी संपली की माझ्याकडे एकाच तऱ्हेची विचारणा सुरू होते. आई आणि मुलगी, दोघीच तोरणमाळला चालायला निघालेल्या असतात. कधी आई अडतीस-चाळिशीची आणि लेक बारा-तेराची, तर कधी लेक नोकरी करणारी आणि आई नुकतीच निवृत्त झालेली. चालण्याबद्दल त्यांनी सगळं शोधून ठेवलेलं असतं. सीताखाई, खडकी पॉइंट, यशवंत तलावाची फेरी, मच्छिंद्रनाथांची गुहा, सगळं तोंडपाठ. प्रश्न मात्र वेगळेच असतात. गाडी पहाटे नंदुरबारला पोचते, तर त्याच दिवशी वर जाऊन चालून घ्यावं का? शहाद्यातच संध्याकाळ झाली तर पुढे जावं की थांबावं? वाटेत बाथरूमचं काय? बरोबर पुरुष माणूस नाही म्हणून खोली नाकारली तर?

हे सगळे प्रश्न एकाच दिवसाचे आहेत. घराला कुलूप लावल्यापासून तोरणमाळच्या खोलीत पाठ टेकेपर्यंतचा तो दिवस. आपण त्याला धरतच नाही. सुट्टी मोजताना तो मोजतो, पण आखताना सोडून देतो. मी गेली कित्येक वर्षं आधी आईबरोबर आणि आता लेकीबरोबर या वाटेने जाते आहे. आमची सहल जेव्हा जेव्हा बिघडली, ती डोंगरात नाही, या दिवशीच बिघडली. म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल.

आधी एक गैरसमज

'तोरणमाळ नॅशनल पार्कचं तिकीट कुठे मिळतं?' असं बऱ्याच जणी विचारतात. नंदुरबार जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रात ती सहा आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. ताडोबा किंवा पेंचच्या गाभ्यात मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही, नेमून दिलेल्या गाडीतूनच जावं लागतं. तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातलं, सातपुड्याच्या माथ्यावरचं, जंगलाने वेढलेलं गाव आहे. इथे पायी चालता येतं, आणि मायलेकींना मी हीच जागा सुचवते ती त्यामुळेच. मळलेली वाट सोडून रानात शिरायचं असेल तर मात्र वनविभागाच्या कार्यालयात विचारायला हवं आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्यायला हवा. या जंगलात बिबट्या आहे.

राष्ट्रीय उद्यानच बघायचं असेल, तर जवळचं म्हणजे गुजरातेत वघईजवळचं वांसदा. त्यासाठी उतरायचं ठिकाण नंदुरबार नव्हे. तो बेत निराळा आखावा लागतो.

पहिला निर्णय: पोचलेल्या दिवशी चालायचं नाही

नंदुरबार समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर आहे आणि तोरणमाळ साधारण साडेअकराशेवर. म्हणजे रात्रभर गाडीत अर्धवट झोप, मग नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा रस्ता, आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यात वळणावळणांच्या घाटाने जवळजवळ साडेनऊशे मीटरची चढण. वर पोचलात की खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गारवा जास्त. पाय सुजलेले असतात, पोटात धड काही नसतं, आणि समोर सीताखाईची दरी दिसत असते. मोह होतो. 'आलोच आहोत तर जाऊन येऊ' हे वाक्य मीही उच्चारलं आहे.

इथे आईचं वय आडवं येतं असं समजू नका. माझ्या अनुभवात घाटात जास्त आजारी पडतात त्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलीच. रात्रभर फोन बघितलेला, सकाळी 'भूक नाही' म्हणून काही न खाल्लेलं, आणि गाडीत मागच्या बाकावर बसून पुन्हा फोन. पन्नाशीची आई दमते, पण दमल्याचं सांगते तरी. मुलगी सांगत नाही.

तेव्हा बेत तीन दिवसांचा असेल तर चालायचा दिवस एकच धरा, मधला. दोनच दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी फक्त तलावाच्या काठाने पाय मोकळे करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाला.

शहाद्याच्या स्टँडवर घड्याळ बघा

नंदुरबारहून तापी ओलांडून प्रकाशामार्गे शहादा साधारण चाळीस किलोमीटर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत तोरणमाळ आणखी पन्नास-पंचावन्न. खरा निर्णय शहाद्यात करायचा असतो आणि तो घड्याळाने करावा, उत्साहाने नाही. हिवाळ्यातला माझा हिशेब असा:

- दुपारी बाराच्या आत शहाद्यात पोचलात: नीट जेवा, पाणी भरून घ्या आणि निघा. उजेडात आरामात पोचाल.
- बारा ते तीनच्या दरम्यान पोचलात: गाडी समोर उभी असेल तर निघा. शोधाशोधीत तासभर जाणार असेल तर आधी शहाद्यात खोली मिळते का ते बघून ठेवा.
- तीन वाजून गेले: शहाद्यात राहा. सकाळी लवकर निघालात तर फार काही हातचं जात नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराआड तर त्याहूनही लवकर. शिवाय ऊसतोडीचा हंगाम याच दिवसांत असतो. शहाद्याच्या पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालतात. त्या जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. त्यानंतर घाट, त्यात वळणावर बसलेली गुरं, आणि फोनला रेंज असेलच याचा भरवसा नाही.

एका जानेवारीत मी आणि आई साडेपाचला शहाद्याहून भाड्याच्या गाडीने निघालो. गाडीवाल्याने 'दीड तासात सोडतो' म्हणून सांगितलं होतं. घाट लागायच्या आधी पूर्ण काळोख झाला, पुढचा एक दिवा बंद असल्याचं तेव्हा कळलं, आणि एका वळणावर आईला उलट्या सुरू झाल्या. गाडी थांबवायला सुरक्षित जागाच दिसेना. आई माझा हात धरून म्हणत होती, "तू काळजी करू नको गं," आणि तिचा हात बर्फासारखा गार पडलेला. आम्ही पोचलो, पण दुसरा संपूर्ण दिवस ती खोलीत झोपून होती. तलावसुद्धा तिने खिडकीतूनच पाहिला. त्यानंतर मी तीनचा काटा पाळते, कोणी कितीही भरवसा दिला तरी.

सण आणि यात्रा यांचाही हिशेब ठेवा. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरक्षनाथांची यात्रा असते, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, आणि होळीच्या आधी धडगाव-अक्कलकुव्याकडे आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारांना माणसं लोटतात. हे सोहळे बघण्यासारखेच आहेत, पण चालायची सहल त्या दिवसांत ठेवू नका. गाड्या भरून वाहतात आणि खोल्या मिळत नाहीत.

नंदुरबारपर्यंत: रेल्वेत काय मागू शकता

मुंबईकडून सुरतमार्गे भुसावळला जाणारी खान्देश एक्स्प्रेस नंदुरबारला थांबते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या इतर गाड्याही आहेत. भुसावळ-जळगावकडून येणाऱ्यांनी नंदुरबारपर्यंत जायचीही गरज नाही. दोंडाईचाला उतरून सारंगखेड्यावरून थेट शहादा गाठता येतं आणि वेळ वाचतो.

आरक्षण करताना आणि गाडीत हे लक्षात असू द्या:

- आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वीचे १२० दिवस आता नाहीत.
- पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. तिकीट काढताना आईचं वय अचूक लिहा. 'आईचं खरं वय कशाला लिहायचं' असं म्हणू नका, खालचा बर्थ त्या आकड्यावरच मिळतो.
- पाच ते बारा वर्षांच्या मुलीला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर भाडं पूर्ण लागतं.
- आईला ऐन वेळी यायला जमलं नाही, तर तिचं पक्कं तिकीट घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर करता येतं. त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात नात्याच्या पुराव्यासह अर्ज द्यावा लागतो. पण 'घरातली' म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती, पत्नी एवढीच. मावशी त्यात बसत नाही. आईच्या जागी मावशीला घेऊन निघालेल्या दोघीजणींना हे फार उशिरा कळलं होतं.
- गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच करायचा नाही असं ठरवलंत, तर गाडी सुटायच्या आधी रीतसर दावा दाखल केल्यावर पूर्ण पैसे परत मिळतात. तीनचा काटा हुकणार हे घरीच कळलं, तर हा पर्याय खुला आहे.

रेल्वे कायद्याच्या १३९व्या कलमाची माहिती सगळ्या मायलेकींना असावी. पुरुष सोबतीशिवाय प्रवास करणाऱ्या स्त्रीला किंवा मुलाला तिकिटाच्या कारणावरून वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, इथेच आणि तेही दिवसाउजेडीच उतरवता येतं. रेल्वेच्या मदतीचा क्रमांकही १३९ आहे, त्यामुळे दोन्ही सहज लक्षात राहतात. एकट्या-दुकट्या महिला प्रवाशांसाठी रेल्वे सुरक्षा दलाची 'मेरी सहेली' पथकं २०२० पासून आहेत. गाडीत कोणी त्रास देत असेल तर बर्थ क्रमांक सांगून १३९वर फोन करा, उगाच जागा बदलत बसू नका.

पहाटे अंधारात उतरलात तर रिक्षात बसायची घाई नको. महिलांच्या प्रतीक्षालयात बसा, तोंड धुवा, चहा घ्या, उजाडू द्या. तिकीट असलेल्या प्रवाशाला तिथे बसायचा हक्क आहे, तेव्हा तिकीट जपून ठेवा.

नंदुरबार ते तोरणमाळ: तीन पर्याय

एसटी. माझी पहिली पसंती हीच. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सर्व महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. आई पंच्याहत्तरीच्या पुढची असेल तर २६ ऑगस्ट २०२२ पासून तिचा प्रवास मोफत आहे, मात्र वयाचा पुरावा दाखवावा लागतो. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. सुरतेकडून किंवा मध्य प्रदेशातल्या सेंधवा-खेतियाकडून एसटीने येणाऱ्यांनी हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण धरावं. एसटीचं तिकीट उतरेपर्यंत फेकू नका. त्यात अपघात साहाय्यता निधीचा आकार असतो आणि दुर्दैवाने काही झालंच तर मदतीसाठी ते कामी येतं. वाटेत गाडी बंद पडली तर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देण्याची जबाबदारी वाहकाची आहे.

नंदुरबार-शहादा गाड्या भरपूर. शहादा-तोरणमाळ मात्र मोजक्या, आणि वेळा बदलतात. आदल्या दिवशी शहादा आगारात फोन करून वर जाणारी आणि सकाळी परत येणारी, दोन्ही गाड्या विचारून कागदावर लिहून घ्या. गाडीत डाव्या-उजव्या खिडकीपेक्षा पुढची सीट महत्त्वाची. मागे बसलात तर घाट पोटात उतरतो.

काळीपिवळी किंवा जीप. स्थानिक लोकांचं येणं-जाणं यावरच चालतं आणि त्यांच्यासाठी तिला पर्याय नसतो. तुमच्यापाशी आहे. टपावर आणि मागच्या पायरीवर माणसं असतील तर बसू नका. 'दोन लेडीज पुढे बसा' म्हणून ड्रायव्हरशेजारी तिघींना कोंबतात, गिअरला हात पोचत नाही. पुढच्या गाडीची वाट बघा.

भाड्याची गाडी. चौघी-पाचजणी असाल तर परवडते. ठरवताना एवढं बघा:

- नंबरप्लेट पिवळी आहे ना. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईला अडचण येते.
- दोन्ही दिवे, वायपर आणि चाकांची झीज. ड्रायव्हरदादांना वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. मी आता दिवे लावूनच बघते.
- भाडं एकेरी की जाऊन-येऊन, थांबण्याचे पैसे किती, रात्रीचा भत्ता कोणाकडे. हे आधी ठरवून मेसेजवर लिहून घ्या.
- गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव घरी पाठवा, त्यांच्यासमोरच.

स्वतःची गाडी असेल तर इंधन आणि रोख पैसे शहाद्यातच भरून घ्या, पुढे दोन्हीची खात्री नाही. पावसाळ्यात घाटात दरड येते आणि तापीच्या पाण्यामुळेही रस्ते अडतात, तेव्हा जुलै ते सप्टेंबरमध्ये निघायच्या सकाळी शहाद्यात रस्त्याची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाणी पिणं थांबवू नका

आपल्याकडे बायका प्रवासाला निघाल्या की पाणी पिणं बंद करतात. माझ्या आईने आयुष्यभर केलं. पहाटे चहाचा एक घोट, मग थेट मुक्कामी पाणी. बाथरूम मिळेल की नाही, मिळालं तर कसं असेल, कोण बाहेर उभं असेल, या धास्तीने. मुली हे आईकडून न शिकवता शिकतात. माझ्या लेकीने नववीत असताना शाळेच्या सहलीत हेच केलं आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने आठवडाभर तापली.

चालायच्या आदल्या दिवशी पाणी कमी पडलं की दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, चढावर धाप लवकर लागते. त्याचं खापर मग वयावर किंवा 'सवय नाही'वर फुटतं. आई रक्तदाबाची, जास्त लघवी होण्याची गोळी घेत असेल आणि बाथरूमच्या भीतीने ती त्या दिवशी चुकवणार असेल, तर तसं करू नये. गोळीची वेळ पुढे-मागे करता येईल का, ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

धास्ती खोटी नाही, म्हणून तिच्यावर उपाय हवा. मी असं करते:

- थांबे आधीच ठरवते: गाडीतून उतरण्यापूर्वी, नंदुरबार स्टेशनचं प्रतीक्षालय, शहाद्याचा स्टँड किंवा जेवायला बसतो ते हॉटेल. म्हसावदनंतर भरवशाची जागा नाही, म्हणून शहाद्यात गरज वाटो न वाटो, दोघी जाऊन येतो.
- पेट्रोल पंपावर इंधन भरणाऱ्या ग्राहकाला स्वच्छतागृह मोफत मिळायला हवं. कुलूप असेल तर किल्ली मागा. शांतपणे आणि मोठ्याने मागितली की मिळते.
- पिशवीच्या वरच्या कप्प्यात साबणाचा तुकडा, पाण्याची छोटी बाटली, जुनं धुतलेलं सुती कापड आणि एक ओढणी. ओढणीचा आडोसा एकीने धरायचा. दोघी असण्याचा हा फायदा आहे.
- पाणी एकदम ढसाढसा नाही, तासाला दोन-चार घोट. शहाद्याहून निघताना प्रत्येकीकडे भरलेली एक लिटरची बाटली.

खाण्याचं सोपं आहे. शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा खाल्ल्याशिवाय खान्देशातून जाऊ नका, पण तो मान परतीच्या दिवसाला द्या. नंदुरबारची मिरची नावाजलेली आहे ती उगाच नाही, आणि ठेचा खाऊन घाट चढणं म्हणजे पोटावर अन्याय. जाताना दादर ज्वारीची भाकरी, साधं वरण किंवा दही-भात, आणि घाटाच्या तासभर आधी जेवण उरकलेलं असावं.

बूट, पाळी आणि घाट

बुटांची गोष्ट सांगायलाच हवी. आईचे स्पोर्ट्स शूज माळ्यावर चार वर्षं खोक्यात होते. दिसायला नवे, तळ पांढरेशुभ्र. नंदुरबारच्या फलाटावर तिने दहा पावलं टाकली आणि उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून लोंबायला लागला. उचलून पाहिलं तर आतला फेस बोटाने दाबताच भाकरीच्या पापुद्र्यासारखा चुरा होऊन पडला. न वापरलेल्या बुटाचा तळ आणि त्याचा डिंक वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आतून कुजतो, हे मला तेव्हा कळलं. स्टँडबाहेर बसणाऱ्या चर्मकार काकांनी मेण लावलेल्या जाड दोऱ्याने दोन्ही बूट चहूबाजूंनी शिवून दिले. डावा अजून सुटला नव्हता, तरी त्यांनी मागून घेतला आणि म्हणाले, "याचंही तेच होणार, ताई." त्या टाक्यांवर आईने दोन दिवस निभावलं.

निघायच्या किमान दोन आठवडे आधी बूट बाहेर काढा, घालून जिने चढा-उतरा, तळ हाताने वाकवून बघा. नवे घेतले असतील तर प्रवासातच त्यांचं उद्घाटन करू नका.

पाळीची तारीख त्याच सुमारास येत असेल तर दोघींनी मोकळेपणाने बोलून ठेवा. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. काहींना ती चालत नाही, डॉक्टरांनाच विचारा. प्रवासात पाळी बदलते, म्हणून तारीख नसली तरी पॅड बरोबर असावेत. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घाला आणि खाली शहाद्याला आणून टाका. तोरणमाळच्या रानात किंवा तलावाच्या काठी नाही. आईची पाळी जाण्याचं वय असेल तर तिलाही हाच सल्ला, कारण तिच्या तारखांचा तर काहीच नेम नसतो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घाटाच्या अर्धा तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. राणीपूर आलं की दोघींचेही फोन पिशवीत.

खोली घेताना

तोरणमाळला राहायला जागा मोजक्या आहेत: पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान, वनविभागाचं विश्रामगृह आणि गावातल्या काही खोल्या. आरक्षण करूनच निघा. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून गरम पाणी, पांघरुणं आणि रात्रीचं जेवण मिळेल का, हे तिन्ही विचारा. जेवण सांगून ठेवलं नाही तर मिळत नाही, कारण वर माल रोज येत नाही.

'दोघीच आहात? बरोबर कोणी नाही?' हा प्रश्न काही ठिकाणी येतो. दोन सज्ञान स्त्रियांना, किंवा आई आणि अल्पवयीन मुलीला खोली देण्यासाठी पुरुष सोबत असला पाहिजे अशी कायद्यात अट नाही. ओळखपत्र मात्र दाखवावं लागतं. मुलगी लहान असेल तर तिचं शाळेचं ओळखपत्र किंवा आधार बरोबर ठेवा. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या, ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवानाही चालतो.

खोलीत शिरल्यावर आधी आतली कडी आणि खिडक्या बघा, मग पिशव्या ठेवा. कडी लागत नसेल तर खोली बदलून मागा.

जवळ लिहून ठेवायचे क्रमांक

फोनमध्ये आणि एका कागदावरही, कारण बॅटरी थंडीत लवकर उतरते:

- ११२: पोलीस आणि कोणतीही आणीबाणी
- १०८: रुग्णवाहिका
- १८१: महिला मदत
- १३९: रेल्वे
- १९२६: वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' मदतवाहिनी. जखमी प्राणी, वणवा, जंगलातली कोणतीही अडचण.

साप चावला तर मंत्र-जडीबुटीत वेळ घालवू नका. पाय न हलवता रुग्णाला तोरणमाळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे खाली.

वर पोचल्यावर, झोपायच्या आधी

उजेड असेल तर यशवंत तलावापर्यंत जाऊन या. गप्पा मारत, रमतगमत, तासाभराच्या आत परत. वाटाड्या संध्याकाळीच ठरवा आणि त्याचे पैसेही त्याच वेळी बोलून घ्या. इथली माणसं पावरा आणि भिल्ल समाजाची, पावरी-भिलोरी बोलणारी. मराठी समजते, पण भराभरा बोलू नका, आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. वाट आपल्याला नवी असते, त्यांची रोजची असते. वाटाड्याने 'तिकडे आज नको' म्हटलं तर नको.

मग चहा घेत एक गोष्ट दोघींनी ठरवा: उद्या परत फिरायचं कोणी म्हणायचं? आमच्याकडे नियम असा आहे की दोघींपैकी कोणीही एकदा म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही. लेक आधी कबूल होत नव्हती. "आई, तू तर अर्ध्या वाटेतच म्हणशील!" असं तिचं म्हणणं. गेल्या वेळी खडकी पॉइंटच्या वाटेवर 'फिरूया' म्हणाली ती तीच. मी मागे वळले, तिने माझी बाटली घेतली आणि आम्ही गप्प राहून पंधरा मिनिटं चाललो. मग तिनेच सांगितलं की तिला चक्कर येत होती.

पिशवी रात्रीच भरा: पाणी, गूळ-शेंगदाणे, विजेरी, शिट्टी, पातळ रेनकोट, आईच्या गोळ्या. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे निवासातल्या कोणाला तरी तोंडी सांगा आणि घरीही कळवा. रेंज नसेल तर निवासातल्या माणसाच्या फोनवरून. बूट बाहेर ओसरीवर ठेवू नका, खोलीत घ्या. सकाळी पायात घालण्याआधी ते पालथे करून जमिनीवर दोनदा आपटा. विंचवाला बुटातला आडोसा आवडतो.